घरमालकांचं लिव्हर

माझ्या अक्कलकुव्याच्या घरमालकांएवढा निर्व्यसनी माणूस नंदुरबार जिल्ह्यात दुसरा नव्हता आणि बाहेर शोधायला निघालात तर निम्मा गुजरात पालथा घालावा लागेल, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. गुजरातचं नाव मुद्दाम घेतलं. तिकडे दारूबंदी आहे, त्यामुळे तिकडचे तहानलेले लोक हद्द ओलांडून आमच्या बाजूला येतात. अशा हद्दीवरच्या गावात, महामार्गाला लागून, माझ्या घरमालकांचं कापडाचं दुकान होतं. त्यांनी दारू तर सोडाच, चहासुद्धा कधी तोंडाला लावला नव्हता. खोकल्याच्या औषधाला वास येतो म्हणून ते खोकला अंगावर काढायचे. कोरोनाच्या दिवसांत कोणी तरी त्यांच्या दुकानात सॅनिटायझरची बाटली आणून ठेवली, तेव्हा त्यांनी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली, बाटली दोन बोटांत धरून बाहेरच्या ओट्यावर ठेवली आणि त्यानंतर वर्षभर साबणाने इतके हात धुतले की हातांवरच्या रेषा पुसट झाल्या.

मी तिथल्या शाळेत इतिहास शिकवायला गेलो आणि त्यांच्या दुकानावरच्या खोलीत राहिलो. खाली दुकान, दुकानामागे त्यांचं घर, आणि वर मी. त्यांचे आजोबा राजस्थानातून इकडे आले होते. घरात मारवाडी, गिऱ्हाइकांशी अहिराणी, डोंगरातून येणाऱ्या बायकांशी त्यांची बोली आणि माझ्याशी या सगळ्यांची मिसळ असलेली मराठी, असा त्यांचा कारभार होता. बाजाराच्या दिवशी सातपुड्यातल्या गावांमधून बायका यायच्या आणि एका लुगड्यासाठी घरमालक निम्मं दुकान जमिनीवर अंथरायचे. एखादीने स्वतःला न शोभणारा रंग उचलला तर ते द्यायलाच नकार द्यायचे. मग दोघांची जुंपायची, इतर गिऱ्हाइकं मतं द्यायची, आणि शेवटी ती बाई घरमालकांनी निवडलेलं लुगडं घेऊन, हसत, शिव्या देत निघून जायची.

जैन धर्माचे नियम ते पाळायचे असं म्हणणं अपुरं आहे. ते त्या नियमांत राहायचे, जसे आपण घरात राहतो. सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाणी उकळलेलं, कांदा-बटाटा तर स्वप्नातही नाही. मात्र जे चालतं, ते त्यांना पुष्कळ चालायचं. तूप हा त्यांच्या लेखी खाण्याचा पदार्थच नव्हता, ती हवा होती. भाभींनी, म्हणजे घरमालकीणबाईंनी, पोळीवर तूप वाढताना हात आखडला तर ते विचारायचे, "आज कुणाचं सुतक?" मोहनथाळ, घेवर, बालूशाही, रविवारी गरम जिलेबी आणि फाफडा. आणि या सगळ्यावर चालणं म्हणाल तर घरातून दुकानात आणि दुकानातून घरात. पोट एवढं की मीटरपट्टी शोधताना ती त्यांच्याच पोटाखाली सापडायची.

आणखी एक विचित्र सवय होती. आमच्याकडे मे महिन्यात ओट्यावर ठेवलेल्या पाण्याचा चटका बसतो. त्या उन्हातही घरमालक पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचे आणि मनगटाची बटणं कधी उघडायचे नाहीत. मी एकदा विचारलंच.

"सर," ते म्हणाले, "कापडवाल्याने स्वतःच अर्धं कापड घातलं तर गिऱ्हाइकाला पूर्ण कोणत्या तोंडाने विकायचं?"

उत्तर इतकं चोख होतं की मी पुन्हा कधी विचारलं नाही.

मग एका हिवाळ्यात त्यांना उजव्या बरगडीखाली जडपणा वाटायला लागला. नंदुरबारला जाऊन सोनोग्राफी झाली. सोबत मी होतो, कारण त्यांना मुलगा नाही, एकुलती एक मुलगी खुशबू, आणि ती तेव्हा सुरतला शिकत होती. डॉक्टरांनी कागद बघितला, घरमालकांकडे बघितलं आणि सगळ्यांना विचारतात तसं सहज विचारलं, "दारू किती घेता?"

घरमालक उठले आणि सरळ खोलीबाहेर गेले. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मिनिटभराने दार उघडलं, घरमालक आत आले, "चहापण नाही," एवढंच म्हणाले आणि पुन्हा बाहेर गेले. त्यांना समजावून परत आणेपर्यंत पुढचे दोन पेशंट तपासून झाले होते. डॉक्टर भला माणूस होता. त्याने शांतपणे सांगितलं की लिव्हरमध्ये चरबी साठली आहे, तिला फॅटी लिव्हर म्हणतात, दारूचा थेंब न घेणाऱ्यालाही ती होते, आणि तूप-साखर कमी करून चालायला लागलात तर उतरते.

परतीच्या वाटेवर घरमालक म्हणाले, "सर, म्हणजे मी जिलेबीची दारू केली?"

दुसऱ्या दिवशी ते देरासरात, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात गेले आणि नियम घेऊन आले. आपण ठरवतो आणि मोडतो. त्यांच्याकडे मोडण्याची सोयच नव्हती. तूप बंद, साखर बंद, तळण बंद. पहाटे महामार्गाच्या कडेने चालणं सुरू. धोतर, पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला मफलर अशा वेषात भल्या पहाटे एकटा चाललेला जाडजूड माणूस पाहून ट्रकवाले गाडी थांबवून विचारायचे, "शेठ, गाडी बिघडी गई का?" घरमालक हात जोडून सांगायचे, "नाही भाऊ, गाडी नाही. मी बिघडलो." असं करत करत काही महिन्यांत त्यांचं पोट गेलं. खरंच गेलं. सदरे दोरीवर वाळत घातल्यासारखे अंगावर लोंबायला लागले. भाभी तुपाचा डबा उघडायच्या, बघायच्या आणि झाकण लावून डोळे पुसायच्या. मी इतिहास शिकवतो, पुष्कळ शूरवीरांच्या गोष्टी मुलांना रंगवून सांगितल्या आहेत. पण समोर ताजा मोहनथाळ असताना मुगाचं पाणी पिणारा माणूस मी प्रत्यक्षात पहिल्यांदाच पाहत होतो.

आणि एवढं करूनही रक्ताचा रिपोर्ट सुधारेना. उलट बिघडत चालला. मोठ्या कष्टाने नियम पाळावा आणि तब्येतीने तोंड फिरवावं, असं काही तरी चाललं होतं. घरमालक थकायला लागले. कापडाचा तागा उचलताना धाप लागायची. एके दिवशी दुकानात उजेडात उभे असताना मला त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला. मला दिसला तसा तो बाजारालाही दिसला. लिव्हर, पिवळे डोळे, खंगलेलं अंग: हद्दीवरच्या गावात याचा अर्थ सांगायला डॉक्टर लागत नाही. "शेठ चोरीछुपे दारू लेस," असं न्हाव्याच्या दुकानात कोणी तरी म्हणालं आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावाला आधीपासून माहीत होतं. सॅनिटायझर ओट्यावर ठेवणाऱ्या माणसाबद्दल!

त्याच सुमारास खुशबूचं लग्न सुरतच्या एका कुटुंबात जुळत आलं होतं. मुलाच्या वडिलांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि ते म्हणाले, "शेठ, साखरपुड्याची घाई नको करूया. आधी तुमची तब्येत..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. घरमालकांनी फोन खाली ठेवला आणि गिऱ्हाइकासमोर पसरलेलं कापड घडी करायला लागले. घडी नीट पडत नव्हती. भाभी दारातून बघत होत्या. त्या आत गेल्या आणि पिशवी भरून बाहेर आल्या. "सुरतला चला," त्या म्हणाल्या. "सरजी, तुम्हीपण चला. हे डॉक्टरला काही सांगत नाहीत."

सुरतच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण त्यांना घाई नव्हती. त्यांनी सगळे कागद वाचले, दारूबद्दल विचारलं. या वेळी घरमालकांनी खोलीतच बसून, डोळे मिटून, "नाही" म्हटलं. मग बाईंनी विचारलं, "दुसरा काही आजार? थायरॉइड, सांधेदुखी, त्वचेचं काही?"

"काही नाही," घरमालक म्हणाले.

"बटण खोलो," भाभी म्हणाल्या.

"खुशबूची मम्मी..."

"बटण खोलो जी."

भाभींचा एवढा करडा आवाज मी कधी ऐकला नव्हता. घरमालकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी उठायला लागलो तर त्यांनी हातानेच बसा म्हटलं. मग त्यांनी मनगटाची बटणं काढली आणि बाह्या कोपरावर सारल्या. दोन्ही कोपरांवर लाल, खवल्यांसारखे पापुद्रे असलेले जाड चट्टे होते. काही सुकलेले, काही ओले. खुशबूच्या जन्माआधीपासून ते होते. गुडघ्यांवरही होते. भाभींशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

"सोरायसिस," बाई म्हणाल्या. "लपवलंत का? हा लागण होणारा आजार नाही."

"मॅडम, तुम्हाला माहीत आहे," घरमालक हळूच म्हणाले. "गिऱ्हाइकाला माहीत नाही. माझा दिवसभर हात कापडावर असतो. ते कापड कुणाच्या लेकराच्या अंगावर जातं. हा हात बघून कोणी कापड घेतलं असतं?"

बाईंनी तो कोपर आपल्या हातात घेतला, नीट बघितला आणि मग त्यांना समजेल असं सांगितलं. बाहेरून येणाऱ्या जंतूंशी लढायला आपल्या शरीरात एक व्यवस्था असते. कधी कधी ती चुकते आणि आपल्याच अवयवाला परकं समजून त्याच्यावर चाल करून जाते. अशा आजारांना ऑटोइम्यून म्हणतात. ती त्वचेवर उलटली की असे चट्टे येतात. ज्यांना सोरायसिस असतो त्यांच्यात फॅटी लिव्हर पुष्कळदा सापडतं. आणि असा एक आजार असला की त्याच जातीचा दुसरा होण्याचा संभवही जरा वाढतो. "तुमच्या लिव्हरमध्ये चरबी आहे, हे खरंच आहे. तुमच्या पथ्याने ती कमीही झालेली दिसते. पण मला शंका आहे की तिच्या आड आणखी काही तरी चाललंय. लिव्हरचा छोटा तुकडा काढून बघावा लागेल."

तो काढला. बरगड्यांमधून सुई घालायची होती. घरमालकांनी एकच अट घातली, सूर्यास्ताच्या आत जेवण मिळालं पाहिजे. आणि सुई आत जाताना श्वास रोखून इतके निश्चल पडले की नर्सने दोनदा त्यांचं नाव विचारून खात्री केली. शंका खरी निघाली. त्यांच्या शरीराची तीच व्यवस्था लिव्हरवरही उलटली होती. ऑटोइम्यून हिपॅटायटिस. चरबीचं दुखणं दिसलं म्हणून सगळे चरबीलाच दोष देत राहिले, आणि दुसरं दुखणं मागे बसून लिव्हर पोखरत होतं. आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे बाईंनी भाभींना बाहेर पाठवून सांगितलं.

मला वाटलं घरमालक घाबरतील. ते थक्क झाले. देवळात एखादी प्राचीन मूर्ती बघावी तसे स्वतःच्या पोटाकडे बघत बसले. "सर," ते म्हणाले, "लुगड्याचा रंग सोडला तर मी आयुष्यात कोणाशी भांडलो नाही. भावाशी नाही, भाडेकरूशी नाही. आणि आत बसून माझंच माझ्याशी भांडण चालू होतं. मला आवाजपण आला नाही?"

उपाय होता, पण तो अवघड होता. शरीराची ती व्यवस्था शांत करायला स्टिरॉइड द्यायचं, आणि स्टिरॉइडने भूक खवळते, साखर वाढते, अंगावर चरबी चढते. म्हणजे एक आजार शमवायचं औषध दुसऱ्याला खाऊपिऊ घालणार. बाईंनी स्पष्ट सांगितलं की गोळी आम्ही देऊ, तोंडाला कुलूप तुम्ही लावायचं. घरमालकांनी फक्त दोन शंका विचारल्या. एक, कॅप्सूल आहे का गोळी? कॅप्सूलचं वेष्टन जनावरांच्या हाडांपासून करतात, ते त्यांना चाललं नसतं. गोळी होती. दुसरी, घ्यायची कधी? सकाळी, नाश्त्यानंतर. त्यांचा चेहरा उजळला. "सूर्य मावळल्यावर नाही ना? मग ही गोळी आपल्यातलीच आहे."

परत आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते व्याह्यांना फोन करून बोलावण्याचं. ते नेमके बाजाराच्या दिवशी आले. मुलाचे आई-वडील गादीवर बसले होते, दुकानात डोंगरातल्या बायकांची गर्दी होती. भाभी म्हणाल्या, आत बसून बोला. घरमालक म्हणाले, "आतलं खूप झालं," आणि भर दुकानात त्यांनी दोन्ही बाह्या वर केल्या. "शेठ, हा माझा चमडीचा आजार. आणि असाच लिव्हरचा आहे. दारूचा नाही. औषध चालू आहे, बरेच दिवस चालणार."

व्याह्यांनी विचारलं, "मुलांना जातो का?"

मी मनातल्या मनात घरमालकांना "नाही म्हणा" असं ओरडून सांगत होतो.

"डॉक्टर म्हणतात घराण्यात ओढ असू शकते. येईल, न येईल," घरमालक म्हणाले. "शेठ, मी लुगड्याच्या रंगाची गॅरंटी देतो. माणसाच्या शरीराची देत नाही."

गादीपुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने घरमालकांच्या कोपराकडे निरखून बघितलं, आपल्या बोलीत काही तरी बोलली आणि पुढ्यातलं लुगडं ओढलं.

"काय म्हणाली?" व्याह्यांनी विचारलं.

"म्हणते, तिच्या नवऱ्याला पण असंच आहे." घरमालकांनी ते लुगडं तिच्यापुढे उलगडलं. "म्हणते, हात नंतर दाखव, आधी कापड दाखव."

सगळ्यात आधी हसल्या त्या मुलाच्या आई. पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आपल्या घरात एवढं खरं बोलणारं कोणी नाही. यांची मुलगी आलीच पाहिजे." व्याही म्हणाले, "तीच तर भीती आहे," आणि साखरपुड्याची तारीख काढायला बसले.

पण माझ्या मते घरमालकांचं खरं मोठेपण यानंतरच्या महिन्यांत दिसलं, आणि ते बघायला मी आणि भाभी सोडून कोणी नव्हतं. त्या गोळ्यांची भूक म्हणजे साधी भूक नव्हे. भरल्या ताटावरून उठलेला माणूस कपाटाकडे बघत राहतो. दुपारी दुकान रिकामं झालं की ती भूक त्यांच्यावर चालून यायची आणि घरमालक जिना चढून माझ्या खोलीत यायचे. ज्या दिवशी मी शाळेतून लवकर यायचो त्या दिवशी दारातच बसलेले असायचे. "सर, काही तरी सांगा. लढाईचं सांगा. जेवणाचं नको." मग मी सांगायचो. सातवाहनांपासून सुरू केलं. पंगतींची वर्णनं गाळली, किल्ल्यांचे वेढे मात्र भरपूर सांगितले. किल्ल्यातलं धान्य संपत आलं असं म्हटलं की घरमालक पुढे सरकायचे. "मग? दरवाजा उघडला?" "नाही उघडला." "शाबास!" असं म्हणून ते पाणी प्यायचे. गोळीचा डोस कमी होत होत जेमतेम उरला, दुसरी एक गोळी जोडीला आली, तोवर आम्ही पेशवाई गाठली होती.

औषधाने त्यांचा चेहरा गोल सुजला. तेव्हा बाजारातले तेच लोक म्हणायला लागले, "शेठ, तब्येत सुधरनी हो तुमनी!" घरमालक सगळ्यांना हात जोडून म्हणायचे, "तुमची कृपा." खुशबूच्या लग्नात त्यांनी पंगतीत फिरून स्वतःच्या हाताने मोहनथाळ वाढला, नको म्हणणाऱ्याला दोनदा वाढला, आणि सगळं झाल्यावर एका कोपऱ्यात बसून ज्वारीची भाकरी आणि मुगाची भाजी खाल्ली. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "सर, आजचा वेढा सगळ्यात मोठा होता."

पुढे डोळे पांढरे झाले, रिपोर्ट सुधारले. बाई म्हणाल्या, आजार गेला नाही, पण झोपला आहे. त्याला उठू द्यायचं नाही, म्हणून गोळी चालू ठेवायची. मात्र थकवा राहिलाच. दुकान त्यांनी पुतण्याकडे दिलं. माझी म्हसावदला बदली झाली आणि आमचा सहवास फोनवर आला.

गेल्या हिवाळ्यात ते आणि भाभी अचानक माझ्या दारात उभे राहिले. सारंगखेड्याची यात्रा भरली होती. जन्म याच जिल्ह्यात गेला, पण यात्रा नेमकी दुकानाच्या हंगामात यायची, त्यामुळे घोड्यांचा बाजार कधी बघितलाच नव्हता. तो बघायचा होता. मी त्यांना घेऊन गेलो. ते अगदी सावकाश चालत होते. तापीवरून येणाऱ्या थंड वाऱ्यात दर थोड्या वेळाने थांबायचे, घोडे बघण्याचं निमित्त करून. एका काळ्याभोर घोडीपाशी तर थांबले ते थांबलेच.

"शेठ, लेवानी शे का?" घोडीवाल्याने विचारलं.

"नाही भाऊ. नुसती बघतो."

"मंग देखा ना. देखाले कोन नही म्हनस?"

घरमालकांनी भीत भीत हात पुढे केला आणि तिच्या मानेवर ठेवला. घोडीने कान हलवले आणि उभी राहिली. ऊन उतरत होतं, तिच्या नाकपुड्यांतून वाफ येत होती. भाभींनी घड्याळाकडे बघितलं, जेवणाची वेळ टळत होती. पण त्यांनी मनगट पदराखाली घेतलं. घरमालक कितीतरी वेळ तसेच उभे होते.

"सर, हात लावून बघा," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "आत केवढं काय काय चालू आहे. आणि ही किती शांत उभी आहे."